उजव्या बाहीवरचं कापड

नाणी तिसऱ्यांदा पडली आणि तिसऱ्यांदाही दोन्ही काटा. त्याचा अर्थ खॉ घराण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. एक छापा, एक काटा आला तर पूर्वजांचं जेवण उरकलं. दोन्ही सारखे आले तर अजून नाही. आणि मेलेल्यांचं उरकल्याशिवाय जित्यांनी ताटाकडे बघायचं नाही. हा नियम घालणारा म्हातारा एंग चुआन जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, नियम मात्र ठणठणीत होता.

"आईला आज भूक जास्त आहे," बून तेक म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, पण आईच्या तिथीला नाणी तोच टाकणार. घरातला थोरला मुलगा तो.

"पा, आ मा दरवर्षी दोन फेऱ्यांत उरकते," त्याचा मुलगा वेई सर्न आजीची बाजू घेत स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. त्याच्या हातात बदकाच्या सूपचं झाकण होतं आणि तो वासावर जगत होता. "तुम्ही विचारताय एक आणि मनात चाललंय दुसरं. तिला तरी काय कळणार?"

"तू झाकण ठेव आधी."

हुई येनने फोन पाहिला. सव्वा एक. तीन वाजता कॉल होता.

धंद्यातली ती सगळ्यात धाकटी. तिचा बाप, म्हणजे बून तेकचा सगळ्यात धाकटा भाऊ, चार वर्षांपूर्वी गेला तेव्हा त्याची खुर्ची तिच्याकडे आली, आणि खुर्चीबरोबर 'नोन्या पाला' तेलाच्या गिऱ्हाइकांची सगळी मेल. पिनांगमध्ये ज्या घरात डोकं दुखतं त्या घरात हे जायफळाचं तेल असतंच. डबीवर सारोंग-केबाया, म्हणजे लुंगी आणि वर लांब बाह्यांचा झगा, घातलेली, हातात जायफळाची फांदी घेतलेली बाई. ती बाई ओळखत नाही असं माणूस या बेटावर सापडणं कठीण. म्हणून तर गेल्या चिनी नववर्षाला भामट्यांनी तिचाच चेहरा वापरला. कंपनीच्या नावाने मेल गेली, अर्ध्या किमतीत भेटपेटी, खाली हीच बाई हसते आहे. इपोहपासून सिंगापूरपर्यंत लोकांनी पैसे भरले. पेट्या कधी आल्याच नाहीत. मग ती माणसं कार्नार्वन स्ट्रीटच्या दुकानात आली आणि गल्ल्यावर बसलेल्या आत्याला नाही नाही ते बोलून गेली.

हुई येनने मग वर्षभर एकच ध्यास घेतला. कंपनीच्या नावाने परक्याने पाठवलेली मेल दारातूनच परत जाईल अशी व्यवस्था तिने सहा महिने खपून लावली. आता उरलं होतं प्रमाणपत्र. ते मिळालं की प्रत्येक मेलच्या शेजारी, इनबॉक्समध्येच, उघडायच्याही आधी, छोट्या गोलात फांदीवाली बाई दिसणार होती आणि नावापुढे निळी खूण. भामट्याला बाई चोरता येते, खूण चोरता येत नाही. नववर्षाची मेल अकरा दिवसांनी जायची होती. तीनच्या कॉलमध्ये प्रमाणपत्रवाल्या कंपनीची बाई तुआ पेकचा, म्हणजे या थोरल्या काकांचा, चेहरा आणि ओळखपत्र पडताळणार आणि मग सगळं सुरळीत.

पण काल दुपारी त्यांचं पत्र आलं. तुम्ही पाठवलेला लोगो नोंदणीतल्या लोगोशी जुळत नाही.

"पुन्हा सांग," बून तेक टेबलाशी बसत म्हणाला. "हळू सांग. माझं डोकं रिकामं आहे आणि पोटही."

"तुआ पेक, प्रमाणपत्र हवं तर चित्र ट्रेडमार्कच्या कचेरीत नोंदवलेलं हवं. आणि जे नोंदवलंय तेच, जसंच्या तसं. आपली इथली नोंदणी दोन हजार अकरात संपली."

"संपली कशी?"

"कुणी पुढे चालू केली नाही म्हणून."

"ते बून हॉकचं काम होतं."

सोया सॉसच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमधून पर्थचा बून हॉक खाकरला. बून तेकचा पाठचा भाऊ, सत्तरी ओलांडलेला, अंगात बनियन. भावंडं बून तेकला तुआ को, म्हणजे थोरला दादा, म्हणत. "तुआ को, मी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली ऑस्ट्रेलियात आलो. पिनांगचं काम माझ्याकडे कसं असेल? मी पर्थची नोंदणी सांभाळली. दर दहा वर्षांनी, एक दिवस न चुकता. आज तीच तुमच्या कामाला येतेय."

"येतेय कुठे? अडवतेय," वेई सर्न म्हणाला.

हुई येनने लॅपटॉप फिरवला. डावीकडे आजचा लोगो. उजवीकडे पर्थच्या नोंदणीतलं चित्र, बून हॉकने तेव्हाच्या जुन्या डबीवरून उतरवून दिलेलं. तीच बाई, तीच फांदी, तोच हसू आवरल्यासारखा चेहरा. फरक एकच. जुन्या चित्रात केबायाच्या उजव्या बाहीवर, कोपराच्या वर, एक काळा चौकोन होता.

टेबलाभोवती कुणी काही विचारलं नाही. सुतकाचं कापड कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरातलं माणूस गेलं की बाहीला टाचतात तो तुकडा.

"तर दोनच वाटा," हुई येन म्हणाली. "हे कापडवालं चित्र आज पाठवायचं. मी फाईल करून ठेवली आहे. किंवा इथे नव्याने नोंदणी करायची आणि वर्ष-दीड वर्ष वाट बघायची."

"तिसरी वाट आहे," वेई सर्न म्हणाला. "साधं प्रमाणपत्र मिळतं. वर्षभर चित्र वापरलंय एवढं दाखवलं की झालं. नोंदणीबिंदणी नको."

"त्यात निळी खूण नाही."

"चित्र तर दिसतं ना?"

"चित्र गेल्या वर्षी चोरांनीही दाखवलं, दादा. आ कोरला शिव्या खूण नव्हती म्हणूनच बसल्या."

आ कोरचं, म्हणजे आत्याचं, नाव निघालं तशी सगळ्यांनी स्यू पोकडे पाहिलं. सहासष्ट वर्षांची स्यू पो टेबलाच्या टोकाला लसूण सोलत बसली होती. जेवण तयार होऊन दोन तास झाले होते, लसणाची काही गरज नव्हती. हातांना काम नसलं की तिला बसवत नसे.

"सुतक पाठवू मी लोकांना?" बून तेकचा आवाज चढला. "नववर्षाच्या तोंडावर? लाखभर घरांत? दारावर लाल कागद लावायचे दिवस आणि आपली बाई काळं कापड लावून घरोघर जाणार. गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच हाकलून देईल."

"तुआ को, तो गोल शेंगदाण्याएवढा असतो," फोनमधून बून हॉक म्हणाला. "त्यात ते कापड मोहरीएवढंही दिसणार नाही. तुला तर चष्म्यानेही दिसणार नाही."

"मला माहीत असेल."

"आ कोर, तू सांग ना," हुई येन म्हणाली. तिला वाटलं होतं आत्या आपल्या बाजूने आहे. दुकानात शिव्या खाल्ल्या होत्या त्या तिनेच.

स्यू पोने लसणाची पाकळी वाटीत टाकली. "राहू दे," ती म्हणाली. "तुआ को नको म्हणतोय तर नको. साधं घ्या."

हुई येनचा चेहरा पडला. वेई सर्नने बापाकडे बघून भुवया उडवल्या आणि पुन्हा सूपकडे गेला. तीन विरुद्ध दोन. त्यातला एक पर्थला.

*

'राहू दे' हे स्यू पो आयुष्यभर म्हणत आली होती आणि त्यात ती तरबेज झाली होती.

तिची आई ग्योक या घरात आठ वर्षांची असताना कामाला आली. तेलाची भट्टी, जायफळं वाळवणं, पोरांची नाकं पुसणं, सगळं तिच्याकडे. पुढे थोरली मालकीण स्वी नेओ, म्हणजे बून तेक आणि बून हॉकची आई, वारली. तीन वर्षांनी ग्योकला स्यू पो झाली आणि नंतर हुई येनचा बाप. बून तेकचा बाप म्हातारा एंग चुआन हाच या दोघांचाही बाप. त्याने पोरांना आडनाव दिलं, ग्योकला मात्र काही दिलं नाही. घरातली सगळी पोरं तिला 'ई' म्हणत. ई म्हणजे मावशी. पोटच्या पोरांनीही तेच म्हणायचं होतं. स्यू पोने उभ्या जन्मात आपल्या आईला आई म्हटलं नव्हतं, शेवटच्या दिवशी इस्पितळातही नाही. जीभच वळली नाही. ईच्या नावाची पाटी या घराच्या देव्हाऱ्यात नव्हती, डोंगराखालच्या देवळात भाड्याच्या कोनाड्यात होती. आणि डबीवरची बाई म्हणजे स्वी नेओ, असं बून तेकने सगळ्या बेटाला सांगून ठेवलं होतं.

ते खोटं होतं आणि स्यू पोला ते रोज दिसत होतं. गल्ल्यावर बसलं की समोर दोनशे डब्या, दोनशे वेळा आपली आई. हुई येनला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती हसू आवरायची ते अगदी डबीसारखंच. कधीतरी या पोरीला सांगावं असं स्यू पोच्या मनात यायचं. मग मनच म्हणायचं, राहू दे.

बून तेक चौथ्यांदा देव्हाऱ्यापुढे वाकला. नाणी उडाली. दोन्ही छापा.

"दोन छापे म्हणजे आता हसतेय ती," वेई सर्न म्हणाला. "पा, तिला सांगा ना, तो डाग आम्ही लावत नाही. मग जेवेल."

"तेच सांगतोय." बून तेकने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आई, काळजी करू नकोस. तुझ्या चित्रावर तो अभद्र डाग मी येऊ देणार नाही. एकदा पुसलाय, पुन्हा पुसीन. मोलकरणीच्या बाहीवरचा डाग तो."

लसणाची वाटी टेबलावर जरा जोरात आदळली.

"मोलकरणीच्या बाहीवरचा," स्यू पो म्हणाली. "म्हणजे चित्र मोलकरणीचं आहे तर."

 बून तेक पाठमोरा होता. तो वळला नाही.

"तुआ को, चव्वेचाळीस वर्षं मी ऐकतेय, डबीवर तुझी आई आहे. आज तुझ्याच तोंडून आलं."

"आ कोर, म्हणजे?" हुई येनने विचारलं.

"म्हणजे ती तुझी आजी आहे. स्वी नेओ नाही, ग्योक. तुझ्या बापाची आई, माझी आई." शेवटचे दोन शब्द स्यू पो पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होती. तिने पिशवीतून एक गंजलेली डबी काढली. तीत तिच्या सुया आणि गुंड्या असत. झाकणावर फांदीवाली बाई आणि बाहीवर काळं कापड. "ही पहिल्या वर्षाची. छप्पन सालची."

वेई सर्नने डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि गप्प खाली ठेवली. त्याने जन्मभर ती बाई आपली आजी म्हणून मुलांना दाखवली होती. बापाकडे बघून भुवया उडवण्याचं त्याला आता सुचलं नाही.

"बून हॉक, तुला माहीत होतं?" बून तेकने फोनकडे न बघता विचारलं.

"मी पाच वर्षांचा होतो, तुआ को. पण ईचा चेहरा मला माहीत नसेल? तीच मला भरवायची." फोनमधला म्हातारा नाक ओढून म्हणाला. "तू म्हणालास आई, मी म्हटलं आई. तुझ्याशी भांडायला मी पर्थला थोडाच आलो? भांडायचं नव्हतं म्हणूनच तर आलो."

*

बून तेकला सगळं आठवत होतं, आणि हेच त्याचं दुखणं होतं.

तो नऊ वर्षांचा होता. आई जाऊन चाळीस दिवस झाले होते. पत्र्याच्या डब्या छापणाऱ्याचा चितारी घरी आला, म्हणाला, चित्र आजच्या आज हवं. बाबांनी आईचा फोटो काढून दिला. आईचा तेवढा एकच फोटो होता, लग्नघरातल्या घोळक्यातला, आणि नेमकी ती हलली होती. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा धूर. चितारी म्हणाला, यात नाक कुठे आहे ते तुम्हीच दाखवा. बाबांना दाखवता आलं नाही. मग त्यांनी अंगणात जायफळं पसरणाऱ्या ईला हाक मारली, आईची केबाया घालायला दिली आणि उभं केलं. तिच्या पायाखालचा पाट बून तेकनेच आणला होता.

तो धुरकट फोटो आजही देव्हाऱ्यात होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या आईचं तोंड आठवत नव्हतं. एक्याऐंशी साली बाबा गेले, कारखाना हातात आला, तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते नव्या साच्यातून तो चौकोन खरवडण्याचं. चौकोन गेला की ती बाई कुणीही होऊ शकत होती. त्याने तिला आई करून टाकलं. पोरांना काहीतरी दाखवायला हवं होतं, आणि त्यालाही.

"केबाया आईची होती," तो म्हणाला. 

"केबाया तू ओळखलीस. कापड नाही ओळखलंस?" स्यू पो उठून त्याच्या शेजारी आली. आवाज आता खाली आला होता. "बाहीवरचं कापड कुठल्या हातावर आहे, तुआ को?"

"उजव्या."

"पुरुष गेला तर डावा हात, बाई गेली तर उजवा. छप्पन साली या घरातून कोण बाई गेली?"

बून तेकने देव्हाऱ्यातल्या धुरकट फोटोकडे पाहिलं.

"काळं कोण लावतं? पोटची मुलगी लावते, सून लावते. नोकराने लावायचं नसतं. ईने लावलं. तुम्ही पोरांनी शंभर दिवसांनी काढून टाकलं, तिने तीन वर्षं लावलं. चितारी तिला म्हणाला, हे काढ, धंद्याच्या डबीवर अभद्र दिसतं. ती म्हणाली, मालकिणीचा चेहरा तुम्हाला काढता येत नाही ना, मग निदान तिचं कापड राहू दे. नाहीतर मी उभी राहत नाही. आठ वर्षांची असल्यापासून त्या बाईने आयुष्यात एकदाच कशाला तरी नाही म्हटलं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. तू साचा बदललास त्या दिवशी. नवी डबी हातात घेऊन बसली होती संध्याकाळभर. मी म्हटलं, जाऊन सांग तुआ कोला. म्हणाली, राहू दे." स्यू पोने गंजलेल्या झाकणावर बोट ठेवलं. "त्या अख्ख्या डबीवर तुझ्या आईचं एवढंच होतं, तुआ को. तेच तू खरवडलंस."

बून तेकने डबी घेतली. चष्मा कपाळावर ढकलून झाकण डोळ्यांजवळ नेलं. मग अंगठ्याने गंज पुसू लागला, हळूहळू, रंग निघणार नाही अशा बेताने.  वेई सर्नला बापाचं काय करावं कळेना, म्हणून त्याने पाण्याचा पेला आणून ठेवला.

कुणी तरी काही तरी बोलायला हवं होतं, ते पर्थहून बोललं गेलं. "पावणेतीन झाले. तुमच्याकडेही तेवढेच वाजतात ना?"

*

कॉलवरची बाई तरुण होती, गळ्यात पट्टा, मागे पांढरी भिंत. कुठल्या देशात बसली होती कळलं नाही. तिने बून तेकला ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं, मग हनुवटीशी धरायला सांगितलं, मग मान उजवीकडे वळवायला. बून तेकने शाळेतल्या मुलासारखं सगळं केलं. हुई येन बाजूला उभी होती. दोन्ही फाईली तिच्यासमोर उघड्या होत्या आणि काकांनी अजून हो किंवा नाही म्हटलं नव्हतं.

"कुठलं चित्र नक्की करायचं, साहेब?" कॉलवरच्या बाईने विचारलं. "तुमच्याकडून बदललेलं आलेलं नाही."

हुई येनने बोट बटणावर ठेवलं. बून तेकने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या डबीकडे.

"पाठव," तो म्हणाला. "कापडवालं."

तिने पाठवलं. पडद्यावर नोंदणीतली बाई आणि शेजारी हीच बाई, दोन्हींच्या बाहीवर चौकोन. तिकडे टकटक झाली.

"आता जुळतंय. तुमच्या संस्थेचं चिन्ह हेच, बरोबर?"

"तो डाग नाही," बून तेक म्हणाला.

"काय म्हणालात?"

"बाहीवर आहे तो डाग नाही. ते माझ्या आईचं सुतक आहे. आणि लावलंय ती..." तो अडला. एकोणसत्तर वर्षं ई म्हणण्याची सवय होती. "लावलंय तीही आईच. आम्हाला वाढवलं तिने. ग्योक नाव तिचं. लिहून घ्या."

कॉलवरची बाई जरा गोंधळली. "साहेब, त्यासाठी इथे रकाना नाही. मला फक्त हो किंवा नाही हवं आहे."

"हो," बून तेक म्हणाला.

ती म्हणाली, चार-पाच दिवसांत कळवू. पडदा काळा झाला. हुई येनला रडू येत होतं आणि भूकही लागली होती, दोन्ही एकदम. स्यू पो खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"सूप गार झालं," वेई सर्न पुटपुटला. "तापवू?"

"थांब. अजून विचारायचं राहिलंय." बून तेक भिंतीला धरत उठला. देव्हाऱ्यापुढे भात, सोयातलं मांस, सुक्या माकुळाची जिऊ हू चार भाजी, सगळं मांडलेलं होतं. एक वाटी, एक चॉपस्टिकची जोडी. तो त्यांच्याकडे बघत राहिला. "अजून एक वाटी आण. भात भर. इथे, शेजारी ठेव."

वेई सर्नने वाटी आणली. चॉपस्टिक हुई येनने ठेवल्या. गंजलेली डबी बून तेकने स्वतः त्या वाटीमागे उभी केली, धुरकट फोटोला लागून. डबी निसटत होती. त्याने ती दोनदा नीट केली.

मग नाणी उचलली आणि बहिणीपुढे धरली.

"मी?" स्यू पो म्हणाली. "बायकांनी टाकायची नाहीत."

"मला चार वेळा उत्तर दिलं नाही त्यांनी. तू विचार."

स्यू पोने हात पदराला पुसावेत तसे सारोंगला पुसले. लसणाचा वास काही जाईना. तिने नाणी ओंजळीत धरली, डोळे मिटले, आणि ओठ हलले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या हुई येनला तेवढा एकच शब्द ऐकू आला. तो ई नव्हता.

नाणी फरशीवर पडली. एक लगेच आडवं झालं. दुसरं टेबलाच्या पायापर्यंत घरंगळत गेलं, तिथे फिरत राहिलं आणि मग पडलं. वेई सर्न खाली वाकला.

"छापा," तो म्हणाला. "इकडचं काटा."

स्यू पोने डोळे उघडले.

"जेवल्या दोघी," ती म्हणाली. "वाढा आता."